बेल्जियमचा सातबारा

बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या त्या नगरपालिकेत एक चर्च, एक शाळा, दोन बिअरची दुकानं, तीन रस्ते आणि एक महापौर होता. महापौराला फार काम नसावं, कारण तोच गावातल्या गुरांचा डॉक्टरही होता. एवढ्या वस्तीला आपल्याकडे स्वतंत्र ग्रामपंचायतसुद्धा मिळत नाही, शेजारच्या दोन गावांबरोबर गट ग्रामपंचायतीत ढकलतात. तिथे मात्र नगरपालिका होती, नगरपालिकेला हद्द होती आणि हद्दीवर एक ओढा होता.

या नगरपालिकेचा इतिहास आणि भूगोल इंग्रजीत लिहून काढायचं काम माझ्याकडे शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये आलं. साल दोन हजार चार. बायकोला तिथे नोकरी होती आणि मी तिच्या व्हिसावर आलेलो होतो. नागपूरच्या एका दैनिकात अकरा वर्षं उपसंपादकी केल्यावर अमेरिकी सरकारनं मला काम न करण्याची रीतसर परवानगी दिली होती. फुकट काम करायला हरकत नव्हती. फुकट काम देणारी माणसं कोणत्याही देशात असतात.

आमच्या घरांच्या रांगेत टपालपेट्यांजवळ एक फलक होता. डिसेंबरात त्यावर रहिवासी संघाची सूचना लागली: आपापल्या दारासमोरचा बर्फ आपण काढावा. सूचना चार ओळींची होती आणि चुका सहा. मी खिशातलं लाल पेन काढून त्या दुरुस्त केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन घरं सोडून राहणारे आजोबा फावडं घेऊन माझ्या दारात उभे.

"ती सूचना तू रंगवलीस?"

"दुरुस्त केली."

"पेपरात होतास?"

"होतो."

"मग आत येतो," ते म्हणाले आणि आले. बूट त्यांनी दारात काढले, एवढ्यावरून माझ्या बायकोनं त्यांना कायमचं सज्जन ठरवलं.

आजोबा ऐंशीचे. पेशानं सुतार, महायुद्धानंतर अमेरिकेत आलेले. त्यांच्या त्या नगरपालिकेतून इलिनॉयमध्ये आलेल्या लोकांचं एक मंडळ होतं. एकेकाळी त्यात चांगली गर्दी असे, आता नऊ सदस्य जिवंत होते. सदस्यांच्या नातवंडांना फ्लेमिश वाचता येत नव्हतं, म्हणून गावाची माहिती देणारी इंग्रजी पुस्तिका काढायचं मंडळात ठरलं होतं. ती जबाबदारी आजोबांनी आपणहून अंगावर घेतली होती. त्यांचं इंग्रजी बोलण्यापुरतं उत्तम होतं, लिहायला बसले की त्यांना सुतारकाम आठवायचं.

"तू लिही. मी सांगतो," ते म्हणाले.

मंडळ म्हटल्यावर मला आमचं महाराष्ट्र मंडळ आठवलं. तिथे पुण्याचे, मुंबईचे, नागपूरचे एकत्र येतात आणि पोह्यांत साखर घालायची की नाही यावरून भांडतात. आजोबांच्या मंडळात सगळे एकाच गावचे असल्यानं पोह्यांची सोय नव्हती. त्यांना भांडायला ओढाच लागायचा, हे मला नंतर कळलं.

हिवाळाभर आजोबा मंगळवारी आणि शुक्रवारी येत. येताना जुने कागद आणत, फ्लेमिशमधून मोठ्यानं वाचत, मग इंग्रजीत सांगत. मी टिपून घेई. इतिहासाचं प्रकरण लवकर संपलं. गावाचा पहिला उल्लेख एका मठाच्या जुन्या दस्तऐवजात होता, आणि तोही गावानं मठाला धान्य द्यायचं राहिलं म्हणून. त्यानंतर स्पॅनिश आले, ऑस्ट्रियन आले, फ्रेंच आले, डच आले. एकाही राजवटीनं गावासाठी काही केल्याची नोंद नाही. गावानंही कुठल्या राजवटीला त्रास दिल्याची नाही. जर्मन दोनदा आले. पहिल्या खेपेला चर्चचा मनोरा पडला, दुसऱ्या खेपेला नव्या मनोऱ्यातली घंटा गेली. शेवटी सत्तरच्या दशकात खुद्द बेल्जियम सरकारनं लहान लहान नगरपालिका एकमेकींत विलीन केल्या, त्यात ही नगरपालिका, ओढ्यापलीकडची शेजारची नगरपालिका आणि जवळचं एक मोठं गाव अशी मोट बांधली गेली. नाव मोठ्या गावाचं ठेवलं. जे स्पेनच्या राजाला जमलं नाही ते ब्रसेल्समधल्या कारकुनांनी एका सहीनं केलं.

हे शेवटचं वाक्य मी आजोबांना वाचून दाखवलं तेव्हा ते प्रथमच हसले. मग म्हणाले, "ते मोठं गाव. तिथे लोक दुधात पाणी घालायचे." हे पुस्तिकेत घालायचं का, असं विचारल्यावर ते म्हणाले, "घाल." मी घातलं नाही.

भूगोल अडला. भूगोलात मुळात सांगण्यासारखं थोडं होतं. जमीन सपाट. सर्वांत उंच जागा चर्चचा मनोरा, आणि तो माणसांनी बांधलेला. पीक जवसाचं. जवस म्हटल्यावर मी विदर्भातला माणूस चटणीच्या आठवणीनं जरा सावरून बसलो, पण तिकडे जवस तेला-चटणीसाठी नव्हे, तागासारखा धागा काढायला पेरत. काड्या ओढ्यात कुजत घालत आणि महिनाभर गावाला त्याचा वास येई. तर असा हा ओढा. त्याच्याबद्दल आजोबांनी मला एक वाक्य तयार करूनच आणून दिलं होतं: ओढ्यापलीकडची तीन घरंही आमच्याच नगरपालिकेच्या हद्दीत मोडत.

"याला आधार?" मी विचारलं.

"मी."

"तुमच्याशिवाय?"

"माझे वडील."

"ते कुठे आहेत?"

"ते मेले. तू वाक्य लिही."

मी लिहिलं नाही. दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय मजकूर खाली छपाईला सोडायचा नाही, ही सवय अकरा वर्षांत लागली होती. पुढच्या शुक्रवारी आजोबा कागद न घेता आले. बायको घरून काम करत होती, तिनं चहा केला. दोन घोट घेतल्यावर त्यांनी सांगितलं ते असं.

मंडळानं फार पूर्वी नेपरव्हिलबाहेरच्या कबरस्तानात सामाईक जागा घेतली होती. तिथे कोणाला पुरायचं याचा नियम टाइप केलेला होता: ज्याचा जन्म नगरपालिकेच्या हद्दीत झाला त्याला. आजोबांची बायको हद्दीत जन्मलेली. तीन वर्षांपूर्वी ती गेली आणि तिथे तिला जागा मिळाली. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. आजोबांचा जन्म ओढ्यापलीकडच्या तीन घरांपैकी एकात. शाळा अलीकडची, चर्च अलीकडचं, बायको अलीकडची, पण पाळणा पलीकडे. मंडळाच्या अध्यक्षबाई त्यांच्याच वर्गातल्या. त्यांचं म्हणणं, ओढा ती हद्द, आणि नियम तो नियम. ईस्टरनंतरच्या वार्षिक सभेत त्या रिकाम्या जागेचा निकाल लागायचा होता.

म्हणजे मठ, स्पॅनिश, ऑस्ट्रियन आणि जवस हे सगळं त्या एका वाक्यासाठी चाललं होतं. पुस्तिका मंडळानं छापली की वाक्य मंडळाचं झालं असतं, आणि मग अध्यक्षबाईंना स्वतःच्याच पुस्तिकेविरुद्ध बोलावं लागलं असतं. बेत वाईट नव्हता. आपल्याकडे यापेक्षा कच्च्या बेतांवर महामंडळं निघाली आहेत.

"पण हद्द खरोखर कुठे होती?" मी विचारलं.

"ओढा आधी आमच्या घराच्या मागून जायचा. मग सरळ केला."

"तुमच्या जन्माआधी की नंतर?"

"मला कसं माहीत? मी तेव्हा जन्मत होतो."

पासपोर्ट पाहिला. अमेरिकन पासपोर्टात जन्मस्थळाच्या जागी नुसतं बेल्जियम. जुने कागद तळघरात पाणी शिरलं तेव्हा गेले होते. पुतणीनं पाठवलेल्या नकाशात ओढ्याची रेघ घराच्या चौकोनाइतकीच जाड होती, त्यामुळे घर ओढ्यात आहे असंही म्हणता आलं असतं. इथे दुसऱ्या कोणी प्रश्न सोडून दिला असता. पण महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हद्दीचा वाद म्हटला की एकच उपाय सुचतो: दाखला. जन्माचा दाखला, वास्तव्याचा दाखला, जमिनीचा उतारा. ज्याच्याकडे कागद तो जिंकला, हे आपण शाळेत प्रवेश घेताना शिकतो. मी आजोबांना सांगितलं, आपण तिथल्या नगरपालिकेला लिहू.

"काही गरज?" ते म्हणाले.

"कागद हातात असला की वाद संपतो."

हे खरं निघालं.

संध्याकाळी बायकोला सांगितलं तेव्हा ती लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "बेल्जियमचा सातबारा काढायला निघालास? अरे यार, मामांचा नागपूरचा अजून निघाला नाहीये."

पत्र मी तयार केलं. जन्मनोंदीचा उतारा मिळावा, तसंच सदर घर त्या काळी कोणत्या नगरपालिकेच्या हद्दीत होतं ते कळवावं. विषय, संदर्भ, महोदय, सगळं जागच्या जागी. आणि खाली डाव्या कोपऱ्यात, हात आपोआप गेला तिथे, मी लिहिलं: उत्तराची प्रत माहितीसाठी, अध्यक्ष, अमुक मंडळ, आणि अध्यक्षबाईंचा पत्ता. यामागे विचार काही नव्हता. आपल्याकडे सरकारी पत्राच्या खाली 'प्रत माहितीसाठी' नसेल तर पत्र उघडं वाटतं, आणि त्या प्रती कोणी पाठवत नाही, पाठवल्या तर कोणी वाचत नाही, हेही सगळ्यांना माहीत असतं. आजोबांनी चष्मा घरी ठेवला होता. जिथे फुली केली होती तिथे त्यांनी सही केली.

बेल्जियममधला कारकून मात्र नागपुरात शिकलेला नव्हता. सहा आठवड्यांनी दोन पाकिटं आली. एक आजोबांकडे, एक अध्यक्षबाईंकडे. मजकूर नीटनेटका, इंग्रजीत, गोल शिक्क्यासह: अर्जदाराचा जन्म ओढ्यापलीकडच्या नगरपालिकेत नोंदवलेला असून सदर घर त्या काळी त्याच नगरपालिकेच्या हद्दीत होतं. आणखी माहिती हवी असल्यास कळवावं. शुभेच्छा.

आजोबा आले ते बूट घालूनच आत आले.

"तिचा फोन आला होता. म्हणते, पत्र मिळालं, आभारी आहे." त्यांनी आमच्या पत्राची जपून ठेवलेली नक्कल टेबलावर ठेवली आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. आता चष्मा होता. "ही ओळ कोणी लिहिली?"

"मी."

"का?"

"पद्धत आहे."

"कुठली?"

"आमच्याकडची."

"तुमच्याकडे माणसं कुठे पुरतात?"

"पुरत नाहीत. जाळतात."

"वाटलंच," ते म्हणाले. "मग तुला काय कळणार."

ते गेल्यावर बायको म्हणाली, "सत्तर वर्षं नुसती चर्चा होती रे. म्हाताऱ्या माणसाची बायकोशेजारची जागा तू सीसी करून घालवलीस. जा, काकांना सॉरी म्हण, आणि तो जवस-बिवस सगळा कॅन्सल कर."

सॉरी म्हणायला गेलो तर आजोबा गॅरेजमध्ये एका खुर्चीचा पाय घासत होते. मी जाताना एक तोडगा घेऊन गेलो होतो, कारण नुसतं सॉरी म्हणणं वृत्तपत्रात शिकवत नाहीत, तिथे खुलासा देतात. तोडगा साधा होता. विलीनीकरणानंतर ओढ्याच्या दोन्ही बाजू एकाच नगरपालिकेत आहेत. नियमात नुसतं 'नगरपालिकेच्या हद्दीत' म्हटलंय. आजच्या हद्दीत तुमचं घर येतं. तेव्हा तुम्ही पात्र.

आजोबांनी पॉलिश पेपर खाली ठेवला.

"म्हणजे मी त्या मोठ्या गावचा?"

"कागदोपत्री."

"माझ्या बायकोच्या शेजारी मी त्या गावचा म्हणून झोपू?"

"जागा तर मिळेल."

"घरी जा," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "तुझी बायको वाट बघत असेल."

वार्षिक सभा एका चर्चच्या तळघरात भरली. शनिवारची दुपार, कॉफी, सुक्या प्लमचा टार्ट, घडीच्या खुर्च्या. नऊपैकी सात सदस्य हजर होते, त्यांपैकी एकाला ऐकू येत नव्हतं आणि तोच सर्वांत जास्त मान डोलावत होता. मला पुस्तिकेचा मसुदा दाखवायला बोलावलं होतं. आजोबा भिंतीजवळ बसले होते, इस्त्रीचा सूट घालून. मला वाटतं त्यांनी तो पुढच्या कामासाठीच शिवून ठेवलेला असावा, पण त्यांनी तो आधी सभेत घालून पाहिला.

अध्यक्षबाई बुटक्या, केस पांढरे, पर्समध्ये बेल्जियमचं पाकीट. पुस्तिकेवर त्या पाच मिनिटं चांगलं बोलल्या. मग त्यांनी पाकीट काढून टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे तू मागवलंस?"

"हो."

"कोणाकडून?"

"नगरपालिकेकडून."

"कुठल्या?"

मी मोठ्या गावाचं नाव घेतलं. खुर्च्या करकरल्या.

"आमची नगरपालिका होती ना? तिला का नाही लिहिलंस?"

"ती आता अस्तित्वात नाही," मी म्हणालो. वस्तुस्थिती होती. विलीनीकरणाचा परिच्छेद मी स्वतः लिहिला होता.

बाईंनी सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं. "ती अस्तित्वात नाही, असं हा म्हणतो."

ज्याला ऐकू येत नव्हतं त्यानं मान डोलावली. शेजारच्यानं त्याला कोपरानं ढोसलं.

पुढचं फ्लेमिशमध्ये झालं, आणि आजोबांनी ते मला नंतर गाडीत सांगितलं. त्या मोठ्या गावानं नाव घेतलं, महापौर घेतला, शाळा बंद केली, आणि आता अटलांटिकपलीकडे पत्र पाठवून आमच्यात कोण बसतो आणि कोण नाही हे सांगायला लागलं, असं बाई म्हणाल्या. विलीनीकरण झालं तेव्हाच मंडळानं ठराव केला होता की मंडळ त्याला मान्यता देत नाही. ब्रसेल्सला त्या ठरावाची कल्पना नव्हती, पण तो इतिवृत्तात होता. तेव्हा त्या शिक्क्याचा कुठलाही कागद या खोलीत आलेला नाही. त्यांनी पाकिटाचे दोन तुकडे केले, मग चार, आणि टार्टच्या रिकाम्या ताटलीत ठेवले.

इथे आजोबांनी गप्प बसायला हवं होतं. ते उठले.

"पत्रातलं खोटं नाही," ते म्हणाले. "मी पलीकडेच जन्मलो. आईनं सांगितलं होतं. मी इतकी वर्षं बोललो नाही."

बाई वैतागल्या. "ते मला पहिलीपासून माहीत आहे. तुला आता कोणी विचारलं?"

"तिच्या शेजारी खोटं बोलून कसा जाऊ?"

"खाली बस. हे इतिवृत्तात येणार नाही." त्या चिटणीसाकडे वळल्या. "लिही. हद्दीबाबत ग्राह्य कागद उपलब्ध नसल्यामुळे आक्षेप मागे घेण्यात आला."

आक्षेप एकच होता आणि तो त्यांचाच होता. हात वर झाले. सात सदस्य, सहा हात, आणि सातवा हात थोड्या वेळानं, ढोसल्यावर.

मग सगळे इंग्रजीवर आले, कारण आता काम माझ्याशी होतं. बाईंनी मसुदा उघडून विलीनीकरणाच्या परिच्छेदावर आडवी रेघ मारली, माझ्याच लाल पेनानं, मागून घेऊन.

"गावाचा इतिहास त्याच्या आधी संपतो," त्या म्हणाल्या.

"पण ते घडलं आहे."

"याला जागा मिळावी असं तुला वाटतं की नाही?"

मी आजोबांकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते. अकरा वर्षांत मी जाहिरातदारांसाठी परिच्छेद कापले होते, आमदारांसाठी कापले होते, एकदा तर मालकाच्या साडूसाठी. या यादीत एक कबर बसायला हरकत नव्हती. मी म्हणालो, ठीक आहे.

"आणि ओढा," बाई पुढे म्हणाल्या. "कडेनं वाहतो असं लिहिलंयस. गावातून वाहतो, असं कर."

असा शेवटी तो ओढा सरकला. इतकी वर्षं कोणत्याही राजवटीला ते सुचलं नव्हतं. पुस्तिका उन्हाळ्यात छापून आली. सोळा पानं, मुखपृष्ठावर चर्च, आणि आत एक नगरपालिका जी आजही सुखानं नांदते आहे. चूक एकही नाही, म्हणजे शुद्धलेखनाची. त्यावर माझं नाव घालू का असं बाईंनी विचारलं होतं. मी नको म्हणालो. नगरपालिका अस्तित्वात नाही असं सांगणारा माणूस त्यांच्या पुस्तिकेवर नसलेला बरा, असं कारण दिलं. ते त्यांना पटलं.

आजोबा परत मंगळवारी आणि शुक्रवारी यायला लागले. आता कागद नसत, नुसता चहा. पत्राचा विषय त्यांनी एकदाच काढला. म्हणाले, तुमच्याकडे ती खालची ओळ लिहितात तेव्हा लोक खरंच प्रत पाठवत नाहीत? मी म्हणालो, नाही. त्यावर ते कप खाली ठेवून म्हणाले, "चांगला देश आहे."

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत ते गेले. जमीन गोठलेली होती, खड्डा खणायला यंत्र आणावं लागलं. आम्ही दोघं गेलो. बायकोनं जाड कोटाखाली साडी नेसली होती, का ते तिलाही सांगता आलं नाही. मंडळाचे पाच जण उरले होते, ते आले. त्या जागेत कोण कुठे हे मी तेव्हा प्रथमच पाहिलं. डावीकडे आजोबांची बायको. उजवीकडे एक दगड आधीच उभा होता, त्यावर अध्यक्षबाईंचं नाव आणि जन्मसाल कोरलेलं, पुढचं साल मोकळं.

शवपेटी दोरांवर आली तेव्हा बाई काठी टेकत कडेपर्यंत गेल्या. पाद्री थांबला. त्यांनी वाकून खड्ड्यात पाहिलं, उजवीकडच्या स्वतःच्या दगडाकडे पाहिलं, आणि दोर धरलेल्या माणसांना म्हणाल्या,

"जरा तिच्या बाजूला घ्या. मला जागा लागेल."